मारुसोचा तळतळाट

लिनारो बेटावर बघण्यासारखं काय काय आहे, ते मारुसोइतकं घडाघडा कुणालाच सांगता यायचं नाही. बंदरावरच्या तिच्या घराच्या माडीवर भाड्यानं द्यायच्या खोल्या होत्या, आणि सकाळी पाहुण्यांपुढे कॉफी ठेवली की तिची गाडी सुरू व्हायची. मठाकडे उन्हं चढायच्या आत निघा, आणि खांदे झाकायला काहीतरी न्या, नाहीतर तिथला म्हातारा साधू दारातूनच पिटाळतो. पोहायचं तर मागच्या अंगाच्या खडीच्या किनाऱ्यावर जा, तिथं उत्तरेचा वारा पोचत नाही. दुपारी नोमिकोसच्या खानावळीत दोरीवर वाळवलेला ऑक्टोपस मागा, आणि तो मासे ताजे आहेत म्हणाला तर त्याच्या तोंडाकडे न बघता माशाच्या डोळ्यांकडे बघा. संध्याकाळी पवनचक्क्यांच्या टेकडीवरून सूर्यास्त. तिथं उभं राहून लोक टाळ्या का वाजवतात, हे मात्र तिला कधी कळलं नाही. सूर्य काय पहिल्यांदाच बुडत होता?

गंमत म्हणजे यातलं तिनं स्वतः फारसं काही पाहिलंच नव्हतं. सूर्यास्ताच्या वेळी ती गच्चीवरच्या चादरी काढत असायची. मागच्या किनाऱ्यावर लहानपणी बकऱ्या घेऊन गेली असेल तेवढीच. आमच्याकडे सगळ्यांचं असंच आहे. उन्हाळाभर परक्यांना फिरायला पाठवायचं आणि आपण त्यांचे टॉवेल धुवायचे; हिवाळ्यात वेळ असतो, तेव्हा वारा घराबाहेर पडू देत नाही.

एक ठिकाण मात्र ती अलीकडे पाहुण्यांना सांगतच नव्हती. बेटाच्या दक्षिण टोकाला समुद्रातली गुहा आहे, होडीनंच जावं लागतं. लोक खास तेवढ्यासाठी येतात. कुणी फोनवर फोटो दाखवून विचारलंच, तर मारुसो म्हणायची, आज समुद्र चांगला नाही. खिडकीबाहेर पाणी परातीत ओतल्यासारखं निवांत पडलेलं असायचं. पाहुणे तिच्याकडे बघायचे, पाण्याकडे बघायचे, आणि मुकाट्यानं नोमिकोसला विचारायला जायचे.

जुलै संपता संपता पादरी पापा-फोतिस तिच्या अंगणात येऊन बसला. द्राक्षाच्या वेलाखाली बसून त्यानं लिंबाचा मुरंबा चमच्यानं खाल्ला, वरून पाणी प्याला, यंदाच्या वाऱ्याबद्दल बोलला, पाहुण्यांबद्दल बोलला, आणि दाढी पुसून झाल्यावर म्हणाला की सिदेरिसचं आता करून टाकायला हवं. वेळ उलटून गेली आहे. हिवाळ्याआधी करू.

सिदेरिस म्हणजे मारुसोचा मुलगा. आणि करून टाकायचं म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला विचारावं लागत नाही. आमची दफनभूमी रुमालाएवढी. तिथं माणूस कायमचा राहायला जात नाही. तीनेक वर्षं झाली की थडगं उघडायचं, हाडं वर घ्यायची, वाइननं धुवायची, लाकडी पेटीत घालून चर्चमागच्या अस्थिघरात आईबापांशेजारी ठेवायची, आणि जागा पुढच्याला मोकळी करून द्यायची. हाडं स्वच्छ आणि पिवळसर निघाली की घरचे रडता रडता हसतात. गेलेला सुटला म्हणायचं. पण कधीकधी, फार क्वचित, माणूस जिरलेला नसतो. मग तोंडं खाली घालून परत माती लोटतात, आणि गाव कुजबुजतं, की ह्याचं कुठंतरी अडलंय. पाप असेल, नाहीतर कुणाचा तरी शब्द.

मारुसो म्हणाली, अजून खोल्या भरलेल्या आहेत, सीझन संपू दे. पापा-फोतिसनं तिला आठवण करून दिली, की ही सबब तिनं गेल्या उन्हाळ्यातही सांगितली होती, आणि आता वरच्या आळीतल्या कीरा-प्लितोनं अन्न सोडलंय. म्हातारीला ठेवायचं कुठं?

"तिला थोडं थांबायला सांगा," मारुसो म्हणाली.

पापा-फोतिसला हसू आलं. मारुसो चेष्टा करत नव्हती.

तिला कसली भीती होती, ते त्यालाही ठाऊक होतं आणि गावालाही. सगळ्यांनी कानांनी ऐकलेलं होतं. फक्त तिच्यासमोर कुणी बोलत नव्हतं.

सिदेरिस तिचा एकुलता एक. जन्मला तेव्हा मुठीएवढा होता, रडायलाही जोर नव्हता. मारुसोनं पनाइयाला, आमच्या देवमातेला, नवस केला, की हा जगला तर पंधरा ऑगस्टच्या जत्रेत तुझी तसबीर खांद्यावर घेईल, जिवात जीव असेतो दरवर्षी घेईल. नवस आईनं बोलायचा आणि फेडायचा पोरानं, असला हा प्रकार. पण पोरानं फेडला. उंची पुरत नव्हती तेव्हा नुसता तसबिरीच्या दांडीला हात लावून चालायचा. पुढं चांगला दांडगा झाला, लाकडी होडी केली, पाहुण्यांना गुहेत न्यायला-आणायला लागला, थेक्लाशी लग्न केलं, तरी दर पंधरा ऑगस्टला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पुढच्या दांडीखाली हजर.

तो गेला त्या वर्षी उत्तरेचा मेल्तेमी वारा आठवडाभर पिसाळलेला होता आणि नेमका सणाच्या सकाळी पडला. अडकलेले पाहुणे सिदेरिसच्या मागे लागले: उद्या आमची बोट आहे, आज तरी गुहा दाखव. मिरवणुकीच्या आत येतो, असं सांगून तो गेला. मिरवणूक निघाली, गावातून फिरली, तसबीर परत चर्चमध्ये गेली. व्हायोलिनवाले सूर लावायला बसले, चण्यांची मोठी भांडी भट्टीतून बाहेर निघाली, तेव्हा कुठं होडी धक्क्याला लागली. त्याच्या जागी दांडीखाली ऐन वेळी नोमिकोस घुसला होता, सकाळपासून प्यालेला. पनाइया गावभर झोकांड्या खात गेली. मारुसो धक्क्यावर उभी होती आणि तिच्या मागे नव्या कपड्यांतलं अख्खं गाव. इंजिन बंद पडलं होतं गं, असं सिदेरिस म्हणाला. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली:

"मेलास ना, तर मातीसुद्धा तुला जिरवायची नाही!"

असे तळतळाट आमच्या बायका दिवसातून दहा वेळा देतात. बकरीला देतात, नवऱ्याला देतात, चूल पेटली नाही तर चुलीला देतात. सिदेरिस हसला. डिझेलच्या वासासकट तिच्या कपाळाचा मुका घेऊन त्यानं विचारलं, चणे उरलेत का. तिनं रागारागानं ताट वाढलं, आणि तो जेवायला बसल्यावर तिचा राग निम्मा गेलाही. दुसऱ्या दिवशी ती विसरली. शब्द काही तिनं परत घेतला नाही. पोराला दिलेल्या शिव्या परत घ्यायच्या असतात, असं कुठल्या आईच्या मनात येतं? ऑक्टोबरात मठाच्या वळणावर सिदेरिसची मोटरसायकल घसरली. जन्म पाण्यात काढलेला माणूस, आणि गेला तो डांबरी रस्त्यावर.

शवपेटी खाली सोडताना पहिली मूठ मारुसोनं टाकायची होती. ती माती हातात घेऊन उभी राहिली आणि तेव्हा तिला तो शब्द आठवला. मूठ उघडेना. थेक्लानं तिची बोटं एकेक करून सोडवली. लोकांना वाटलं, दुःखानं.

आता पापा-फोतिस येऊन गेल्यापासून मारुसोचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. पाहुण्यांच्या कॉफीत मीठ पडू लागलं. मठात जाणाऱ्यांना ती पोहायचे कपडे न्या म्हणून सांगायची. सकाळी चर्च उघडायच्या आधी ती दारात उभी असायची, मेणबत्त्यांवर मेणबत्त्या लावायची, आणि एकच मागणं मागायची: त्याला जिरू दे. माझी जीभ झडली तरी चालेल, त्याला जिरू दे. आईनं पोरासाठी मागावं असं हे मागणं नव्हे, हे तिलाही समजत होतं. मागून झालं की ती तिथंच कोपऱ्यात बसून राहायची, आणि मेणबत्त्यांची थोटकं गोळा करणारी बाई तिच्या भोवतीनं झाडून काढायची.

थेक्लानं आठवडाभर वाट पाहिली आणि मग ती बेकरीतून थेट पिठाच्या हातांनी आली. सासूसुनेचं तसं बरं होतं. सिदेरिसमागं दोघींना एकमेकींशिवाय कुणी नव्हतं, आणि दोघींनाही ते फारसं आवडत नव्हतं.

"आई, तो तिथं भिंतीकडेच्या ओलीत पडलाय. मला त्याला वर आणायचंय."

"आण की. मी कुठं नाही म्हणते? सीझन संपू दे."

"सीझन दरवर्षी संपतो." थेक्लानं पदराला हात पुसावेत तसे एप्रनला पुसले आणि ती समोर बसली. "तुम्हाला ते धक्क्यावरचं बोलणं खातंय. हो ना?"

मारुसोनं पुसून ठेवलेला कप पुन्हा पुसायला घेतला.

"मी त्याला रोज मर म्हणायची, आई. चिखलाचे बूट घेऊन घरात आला की, मर मेल्या. त्या दिवशी सकाळीसुद्धा म्हटलं असेन. मग तो माझ्यामुळं गेला का?"

"तू बायको होतीस," मारुसो म्हणाली. "बायकोचं बोलणं लागत नाही. आईचं लागतं."

थेक्लानं खुर्ची मागं सारली. ती उठून गेली, आणि जाताना दार जरा जोरातच आपटलं.

शेवटी मारुसो अनेझिनाकडे गेली. अनेझिना कड्यावरच्या झुडपांची केपरं, म्हणजे हिरव्या कळ्या, खुडून मिठात घालून विकते, आणि गावातली हाडं धुते. तिच्या आईनं धुतली, आजीनं धुतली, ती धुते. पापा-फोतिसला जे विचारायची लाज वाटते, ते बायका तिला विचारतात. मारुसोनं दारातच उभं राहून सगळं सांगितलं. अनेझिना हातातली केपरं निवडत राहिली.

"पुटपुटून उपयोग नाही," ती म्हणाली. "तू मेणबत्त्या लावून गुपचूप मागतेस. बोलली होतीस का गुपचूप? जिथं बोललीस तिथं उभी राहा, तेवढ्याच मोठ्यानं बोल, आणि ज्यांनी तेव्हा ऐकलं त्यांना ऐकू दे. मी त्याला क्षमा केली म्हण. मनापासून म्हण. नाहीतर घसा फोडू नकोस."

गाव एकदम धक्क्यावर सापडतं ते बोट येते तेव्हा. मारुसोनं काळा चांगला पोशाख घातला, केसांना पाणी लावून विंचरलं, आणि त्या दिवशी जिथं उभी होती त्याच लोखंडी खुंटाजवळ जाऊन उभी राहिली. सगळे होते. नोमिकोस कोबीची पोती घ्यायला आला होता. थेक्ला मैद्याची वाट बघत होती. पापा-फोतिसकडे कुणी पाहुणा यायचा होता. बोट वळली, मागचा दरवाजा साखळ्यांच्या खडखडाटात खाली आला, आणि मारुसोनं छाती भरून श्वास घेतला.

"ऐका!" ती म्हणाली.

तेवढ्यात आतून माणसांचा लोंढा बाहेर पडला. चाकांच्या बॅगा, टोप्या, रडणारी पोरं, पाठीला गुंडाळलेल्या चटया बांधलेले तरुण. उन्हानं लाल झालेलं एक जोडपं सरळ तिच्यासमोर येऊन थांबलं. बाईनं विचारलं, रूम? मारुसोनं मान हलवली, नाही, नाही, बाजूला व्हा. पुरुषानं बॅगेची मूठ आनंदानं तिच्या हातात दिली. मागून नोमिकोसचा आवाज आला, की काय मारुसो, गिऱ्हाईक धरायला धक्क्यावर उभं राहायची पाळी आली का. चार लोक हसले. ती हातात बॅग घेऊन उभी राहिली, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. लोकांनी कोबी उचलला, मैदा उचलला, पापा-फोतिसनं पाहुण्याला मिठी मारली, आणि धक्का रिकामा झाला.

जोडप्याला तिनं घरी नेलं. करणार काय? चादरी घातल्या, मठ सांगितला, खांदे झाकायचं सांगितलं. मग स्वयंपाकघरात येऊन ती स्टुलावर बसली आणि स्वतःच्या तोंडावर हातानं मारून घेऊ लागली. वरून त्या बाईनं हाक मारली, गरम पाणी येत नाही म्हणून. मारुसो उठली आणि तिनं बॉयलरचं बटण दाबलं.

पुन्हा धक्क्यावर उभं राहायची हिंमत तिला होईना. मग तिच्या मनानं घेतलं, की क्षमा करायची तर ती ज्या जागेपायी हे सगळं झालं तिथं जाऊन करावी. पोरानं पनाइयाला सोडून काय पाहिलं, ते एकदा डोळ्यांनी बघावं. सिदेरिसची होडी आता झानीस चालवत होता. सिदेरिस असताना तो त्याच्या हाताखाली दोर ओढायचा. थेक्लानं होडी त्यालाच दिली होती. मारुसो पर्स घेऊन होडीत पाय ठेवते आहे हे पाहून त्याचा चेहरा उतरला. मावशी, तुम्ही कुठं, तो म्हणाला. गुहा बघायला, ती म्हणाली, सगळं जग बघतं, मी का नको?

ती मधल्या फळीवर बसली. काळे मोजे, काळा रुमाल, मांडीवर पर्स. दोन्ही बाजूंना ओले टॉवेल आणि उघडी, तेलानं चकाकणारी माणसं. एका मुलीनं तिला बिस्किट दिलं. वारा मागून होता आणि होडी चांगली चालत होती. बेटाची ही बाजू मारुसोनं कधी पाहिली नव्हती. कडा किती लाल आहे, हेसुद्धा तिला माहीत नव्हतं.

गुहेच्या तोंडाशी झानीसनं इंजिन बंद केलं आणि होडी आपोआप आत सरकली. आतलं पाणी निळं होतं, पण निळं म्हणून भागायचं नाही; उजेड वरून येतच नव्हता, तो पाण्याच्या खालून येत होता. माणसांचे हात निळे झाले, मारुसोच्या मांडीवरची पर्स निळी झाली. लोक पाण्यात उतरले आणि आधी ओरडले, मग आपोआप गप्प झाले. मारुसोला फार राग आला. इतकं सुंदर असेल असं तिला वाटलं नव्हतं. काहीतरी फालतू असेल, पोरानं फालतू गोष्टीपायी घोळ घातला असेल, आणि फालतू गोष्टीची क्षमा सहज करता येईल, असा तिचा हिशेब होता.

"इंजिन इथंच बंद पडलं होतं का रे?" तिनं विचारलं.

झानीस दोराशी खेळत बसला. त्याला खोटं बोलता येत नाही, हा त्याच्यातला मोठाच दोष.

"बंद नव्हतं पडलं, मावशी."

"मग?"

"चर्चच्या घंटा इथपर्यंत ऐकू आल्या. मी म्हटलं, निघू या, मिरवणूक निघाली. तो म्हणाला, पोहू दे रे त्यांना अजून थोडं. दरवर्षी उचलतोच की मी. आणि स्वतः पण उतरला पाण्यात."

मारुसो क्षमा करायला आली होती. शब्द तिनं घरून तयार करून आणले होते, रस्ताभर ओठांत घोळवले होते. ती उठून उभी राहिली, होडी हलली, झानीसनं तिचा दंड धरला. तिनं तोंड उघडलं आणि बाहेर भलतंच आलं.

"गाढवा! एक दिवस होता रे! वर्षातून एक दिवस!"

गुहेनं तिचे शब्द तिला परत ऐकवले. आणि मग तिला थांबताच येईना. आईशी खोटं बोललास, तोंडावर खोटं बोललास, वर चणे मागितलेस, असं ती पाण्याला सुनावत राहिली. पोहणाऱ्यांना वाटलं, इथली काही प्रार्थना असेल. एकीनं हात जोडले, एकानं फोटो काढला. झानीसनं इंजिन सुरू केलं तेव्हा ती खाली बसली, आणि तिला कळून चुकलं की हातातली शेवटची गोष्टही गेली. क्षमा तिनं केली नव्हती. उलट राग जसाच्या तसा ताजा सापडला होता, आणि तो घेऊन ती घरी चालली होती.

त्यानंतर तिनं धीर सोडला. चर्चला जाणं बंद केलं. मागायचं कुठल्या तोंडानं? पंधरा ऑगस्ट आला, तसबीर दुसऱ्याच पोरांच्या खांद्यावरून दारासमोरून गेली, आणि ती आत खिडकी लावून बसली. पाहुण्यांना काही सांगायचं तिनं सोडून दिलं. कॉफी ठेवायची आणि निघून जायची. ते आपापल्या फोनमध्ये बघून फिरायला जायचे आणि त्यांचं काही अडत नव्हतं, हेही तिच्या लक्षात आलं. सप्टेंबर सरत आला तशा खोल्या रिकाम्या झाल्या. गाद्या उभ्या करून ठेवल्यावर तिला सबबच उरली नाही. एका सकाळी ती स्वतः पापा-फोतिसच्या दारात गेली. उघडा, ती म्हणाली, जे असेल ते असेल, मला आता हे रोजचं सोसवत नाही.

दिवस ठरला तो मोकळ्या हवेचा निघाला. कीरा-प्लितो एव्हाना पुन्हा जेवायला लागली होती, आणि पुढंमागं आपलीच जागा म्हणून खुर्ची घेऊन बघायला आली होती. झानीस आणि नोमिकोसनं संगमरवराची फरशी बाजूला केली आणि वरची माती काढली. लाकूड लागलं तसे ते बाहेर आले, कारण तिथून पुढचं काम हातांचं आणि बायकांचं. अनेझिना खुरपं घेऊन उतरली. थेक्ला काठावर पांढरं कापड पसरून बसली, शेजारी वाइनची बाटली आणि परात.

मारुसो जवळ गेली नाही. ती भिंतीशी, समुद्राकडे तोंड करून, थडग्याकडे पाठ करून उभी राहिली. तिला खुरप्याचा आवाज येत होता. मग तो थांबला आणि नुसता हातांनी माती सारल्याचा आवाज येऊ लागला. बायका आधी बोलत होत्या, त्या बोलेनाशा झाल्या. पापा-फोतिसचं पुटपुटणंही थांबलं. मारुसोनं भिंतीच्या दगडाला कपाळ टेकवलं. मी तुला क्षमा केली, असं तिनं म्हणून पाहिलं, आणि खरंच केली का, ते तिचं तिलाच कळेना. मग ती नुसतं म्हणत राहिली, सोड त्याला, सोड त्याला, आणि हे ती मातीला सांगत होती की स्वतःला, तेही तिला कळेना.

"मारुसो," अनेझिना खालून म्हणाली, "वळ. स्वच्छ आहे."

बायकांनी एकदम श्वास सोडला. थेक्ला मोठ्यानं रडायला लागली, आणि रडता रडता तिनं मारुसोला ओढत काठाशी आणलं. अनेझिना एकेक हाड वर देत होती, थेक्ला धुऊन कापडावर ठेवत होती. पिवळसर, मेणाच्या रंगाची हाडं. याहून चांगली निघत नाहीत. पापा-फोतिसनं क्रूसाची खूण केली आणि तो म्हणाला, पनाइयानं ऐकलं. कीरा-प्लितो म्हणाली, आता मला या जागेत यायला काही वाटणार नाही. नोमिकोसनं टोपी काढून डोळे पुसले. त्या मिरवणुकीत सिदेरिसच्या जागी दांडीखाली तो लडखडला होता, तेही त्याच्या मनाला लागून राहिलेलं असावं.

"बघा, आई," थेक्ला म्हणाली. "तुमचा शब्द लागला नाही. बघा ना."

कवटी तिनं रुमालात धरून मारुसोच्या हातात दिली. पहिला मुका आईनं घ्यायचा असतो. मारुसोनं ती घेतली. एखाद्या रिकाम्या भांड्याइतकी ती हलकी होती. तिनं ती उजेडाकडे फिरवली, पुन्हा फिरवली, कपाळ बघितलं, जबडा बघितला. सगळे तिच्या हसण्याची वाट बघत होते.

मातीनं त्याला जिरवावं, असं ती दफनापासून मनात मागत होती. पण मागताना दर वेळी तिच्या डोळ्यांपुढं तो आख्खाच असायचा: खाली मातीत पडलेला, उन्हानं रापलेली मान, दाढीचे खुंट, मिठानं चरचरीत झालेले केस. ज्या रूपाला ती घाबरत होती ते रूपच तिनं रोज पाहिलं होतं, आणि रोज पाहिलं म्हणून ते तिच्याजवळ होतं. भीती गेली की तेही जाईल, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. हातात जे होतं ते कुणाचंही असतं.

"अनेझिना," ती हळूच म्हणाली, "अजून खाली बघ."

"खाली काय बघू?"

"तो खाली असेल."

अनेझिना खड्ड्यात गुडघ्यांवर बसलेली होती. तिनं हात मांडीला पुसले.

"बाई गं, एवढंच असतं. सगळ्यांचं एवढंच असतं."

मारुसोनं कवटी थेक्लाकडे परत दिली. मुका घ्यायचा राहिला, हे थेक्लाच्या लक्षात आलं. मारुसोनं पायांतले बूट काढून जोडीनं काठावर ठेवले, बसकण मारली, आणि झानीस पुढं होईपर्यंत ती खड्ड्यात उतरलीसुद्धा. पापा-फोतिस काहीतरी म्हणायला गेला. अनेझिनानं त्याच्याकडे बघून मान हलवली, खुरपं मारुसोच्या हातात दिलं, आणि बाजूला सरकून तिला खणायला जागा करून दिली.